तीन फौजा आणि एक पिवळी ढाल

वाचकाचं पत्र :

"सहा वर्षांपासून मी मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या लढाईच्या खेळातले छोटे शिपाई, रंगवतोय. एकाच फौजेचे आता ७२ शिपाई झालेत. पहिले ३० काळ्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या पहिल्या हातावर) केले : झगे गडद मरून, चिलखतं पितळी, बेसवर (पायाखालच्या चकतीवर) हिरवंगार गवत. मधले २४ पांढऱ्या प्रायमरवर, एकाच थरात ऊन-सावली देणारे पातळ रंग वापरून झटपट उरकले : झगे लालभडक, चिलखतं चंदेरी, बेसवर करडे दगड. शेवटचे १८ मात्र जीव ओतून रंगवलेत, थरावर थर देत. त्यांचे झगे शेंदरीकडे झुकलेत आणि बेसवर बर्फ आहे. एकेक गट वेगळा ठेवला की छान दिसतो. सगळे एकत्र मांडले की कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. परवा एका मित्राने विचारलं, 'यातले तू रंगवलेले कुठले?' ते फार लागलं. सगळ्यांचा रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी असं वाटतंय. पण पहिल्या तिसांतला निशाणवाला मी आणि माझ्या मुलीने मिळून रंगवला होता. ती तेव्हा पाच वर्षांची होती. त्याची ढाल तिने एकटीने पिवळी केली. अख्ख्या फौजेत पिवळी वस्तू तेवढी एकच. ती पुसू द्यायला मुलगी तयार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. काय करू?"

– तीन फौजांचा धनी

नमस्कार,

रंग उतरवू नका. एकाचाही नाही.

तुमच्या मेहनतीची दया येते म्हणून हे सांगत नाहीये. रंग उतरवून तुमचा प्रश्न सुटणार नाही, म्हणून सांगतोय. ७२ शिपाई नव्याने रंगवायला तुम्हाला निदान वर्षभर लागेल. सहा वर्षांत तुमचा हात बदलला, तसा तो या वर्षातही बदलेलच. पहिला आणि बहात्तरावा शेजारी ठेवाल तेव्हा तेच दुखणं पुन्हा समोर उभं राहील. शिवाय ब्रशने घासून रंग काढताना भाल्यांची टोकं वाकतात, खोबणीत जुना रंग अडकून राहतो आणि त्यावर प्रायमर मारला की चेहरे बुजतात. ज्याचा हात अजून सुधारतो आहे त्याने फौज एकसारखी रंगवण्याच्या मागे लागू नये. फौज एकत्र कशी बांधली जाईल ते बघावं. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि दुसरं पुष्कळ सोपं आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो : प्रत्येक शिपायाचा सगळ्यात गडद रंग आणि सगळ्यात उजळ रंग बाकीच्यांसारखाच असला आणि सगळे एकाच जमिनीवर उभे असले, तर मधे काय केलंय याकडे डोळा फारसा बघत नाही. तुमचे तिन्ही गट वेगळे पडतात कारण त्यांच्या सावल्या वेगळ्या, उजेड वेगळा आणि जमीन तर तीन ऋतूंतली. मधल्या थरांना हात लावायची गरजच नाही.

आधी एक गोष्ट करून बघा. प्रत्येक गटातला एक असे तीन शिपाई घ्या. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, एकमेकांना खेटून उभे करा. हातभर अंतरावरून, थोडं वरून, फोनने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. खेळताना आपण फौज अशीच बघतो, वरून आणि हातभर लांबून. त्या अंतरावरून बुबुळं दिसत नाहीत, पट्ट्याचं बक्कल दिसत नाही. दिसतात त्या ढोबळ गोष्टी : जमीन, कपड्याचा मोठा पट्टा, गडद-उजळाचा फरक आणि चकाकी. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की फोटोत मरून झगेवाला जवळजवळ काळा ठिपका दिसेल, लालभडकवाला मधल्या राखाडीत सपाट दिसेल आणि शेवटचा बर्फावर उभा असल्यामुळे कापून चिकटवल्यासारखा वाटेल. त्या फोटोत रंग नसतील, तरी तिघं वेगळेच दिसतील. म्हणजे दोष लाल रंगाच्या तीन छटांचा आहे असं तुम्हाला वाटतंय, त्यातला बराचसा भाग छटांचा नाहीच.

इथे थोडा आडवळणाने जातो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. मिशेल शेव्ह्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोबलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने धागे तपासले. काळ्या धाग्यात खोट नव्हती. त्याच्या शेजारी जे रंग विणले जात होते, त्यांच्यामुळे काळा मरगळलेला दिसत होता. एक रंग शेजारच्या रंगाला कसा बदलतो याचा अभ्यास करून त्याने १८३९ साली भला मोठा ग्रंथ छापला. तुमच्या टेबलावर हेच चाललंय. हिरव्यागार गवतावर लाल रंग भडकतो, पांढऱ्या बर्फावर तोच लाल काळपट वाटतो, करड्या दगडांवर आणखी तिसराच दिसतो. एकाच बाटलीतला लाल या तीन बेसवर लावलात तरी तीन लाल दिसतील. म्हणून झग्यांना ब्रश लावण्याआधी बेस एक करा. कित्येकदा एवढ्यानेच निम्मं भांडण मिटतं, आणि उरलेलं नेमकं कुठे आहे तेही कळतं.

बेसवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त फळ इथेच मिळतं आणि सगळ्यात कमी कौशल्य इथेच लागतं.

फौज लाल आहे, म्हणजे उबदार आणि मध्यम-गडद. तर जमीन तिच्या उलट हवी : फिकी, थोडी थंड, धुळकट. वाळलेल्या चिखलाचा करडा-तपकिरी रंग तुमच्यासाठी उत्तम. बर्फ खरवडून काढा, बोथट सुरीने निघतो तेवढा निघू द्या. गवताचंही तसंच. तळाशी चिकटून राहिलेल्या खुंटांची चिंता करू नका, त्यांच्यावरूनच पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद पाण्यात थोडा पातळ करून फिरवा आणि बारीक वाळू भुरभुरवा. पावलांच्या आसपास जुन्या बारीक ब्रशने गोंद लावा, म्हणजे वाळू बुटांवर चढणार नाही. करडे दगड असलेल्या २४ बेसवर दगड तसेच राहू द्या, फक्त मधल्या मोकळ्या जागेत वाळू घाला. उलट बाकीच्या ४८ पैकी दहा-बारा बेसवर तसलेच एक-दोन खडे चिकटवा. दगड सगळीकडे थोडेथोडे दिसले की ते त्या जमिनीचेच वाटतात.

वाळू रात्रभर सुकू द्या. मग तीन बाटल्या : गडद तपकिरी, मधला करडा-खाकी, आणि हाडाच्या रंगासारखा फिकट. गडद तपकिरी पातळ करून सगळीकडे भरा, वाळूच्या फटीफटीत जाऊ द्या. पूर्ण सुकल्यावर मधला रंग ड्रायब्रशने. म्हणजे ब्रश रंगात बुडवून कागदावर इतका पुसायचा की कागदावर जेमतेम धूळ उमटावी, आणि मग वाळूवरून हलक्या हाताने फिरवायचा. फिकट रंग सगळ्यात शेवटी आणि अगदी कमी, फक्त कणांच्या टोकांना लागेल एवढाच. गवताचे झुपके एकाच प्रकारचे घ्या, मळकट हिरवे. एका बेसवर एक, फार तर दोन. वाळक्या पिवळ्या झुपक्यांचा मोह होईल, ते फार सुंदर दिसतात, पण तुमच्या फौजेत ते नकोत. पिवळा आपल्याला दुसऱ्या कामासाठी राखून ठेवायचाय.

बेसची कड सगळ्यांची एकाच रंगाने रंगवा, काळ्या किंवा गडद तपकिरी, दोन पातळ हात. एकेका कडेला मिनिट-दीड मिनिट लागतं. इतक्या थोड्या कष्टात इतका फरक पाडणारं दुसरं काम या छंदात मला माहीत नाही. चित्राला चौकट करते तसं कड शिपायाला करते, आणि सारख्या चौकटीतली चित्रं एका घरातली वाटतात. तुमचे जुने शिपाई २५ मिलिमीटरच्या आणि नवे ३२ मिलिमीटरच्या बेसवर असतील तर जुन्या बेसभोवती बसवायच्या कड्या मिळतात, त्या बसवा. मग वाळू दोन्हींवरून सलग जाते आणि जोड दिसत नाही.

आणि एक बारकी गोष्ट, जी बहुतेक जण सोडतात. बेसवर शेवटी वापरलेला तोच फिकट रंग, तोच जवळजवळ कोरडा ब्रश, बुटांवर आणि झग्याच्या खालच्या काठावरून दोन-तीनदा फिरवा. शिपाई त्या धुळीतून चालत आलाय असं दिसायला लागतं. ७२ जणांच्या पायांना एकच धूळ लागली की ते एकाच वाटेने आलेत हे सांगावं लागत नाही.

आता झगे. इथे तिन्ही गटांना वेगवेगळं औषध आहे, पण शेवटचा घोट एकच.

मरून झग्यांना सावली भरपूर आहे, उजेड नाही. त्यांना वॉश, म्हणजे खाचांत साचून सावली देणारा पातळ रंग, लावू नका. मधला स्वच्छ लाल घ्या आणि फक्त चुण्यांच्या उंचवट्यांवर लावा. खोलगट भागात मरून तसाच राहू द्या, तीच तुमची सावली.

लालभडक झग्यांचं दुखणं उलटं. त्यांना उजेड आहे, खोली नाही. पण आधी वार्निशचा एक पातळ हात द्या. एका थराचे ते पातळ रंग हाताळण्याने कडांवरून निघतात आणि वर ओला ब्रश घासला तर त्रास देऊ शकतात. वार्निश सुकल्यावर लालसर तपकिरी वॉश चुण्यांच्या आत, रेघेसारखा ओढा. सबंध झगा त्यात न्हाऊ घालू नका, नाहीतर सपाट जागेवर वॉश साचून सुकतो आणि पाण्याचे डाग पडल्यासारखी कड उरते. हा वॉश मरूनच्या जितका जवळ जाईल तितका चांगला.

शेंदरी झग्यांवर तुम्ही सगळ्यात जास्त राबलाय, त्यामुळे त्यांना हात लावायची भीती वाटेल. त्यांना ग्लेझ, म्हणजे रंगाचा पारदर्शक थर, पुरे. किरमिजी लाल रंगाचा एक भाग आणि ग्लेझ मीडियमचे (रंग पारदर्शक करणाऱ्या द्रावणाचे) चार-पाच भाग, इतकं पातळ की खालचं सगळं काम दिसत राहावं. ब्रशमधला जादा ओलावा टिपून घ्या आणि उजेडाकडून सावलीकडे ओढा, म्हणजे रंग शेवटी सावलीत जाऊन थांबतो. एक हात, सुकू द्या, बघा, गरज वाटली तरच दुसरा. तुमचे थर जसेच्या तसे राहतील, फक्त त्यांतली केशरी झाक विझेल. चुण्यांच्या आत तोच लालसर तपकिरी वॉश एकदा टेकवा, म्हणजे यांची सावलीही बाकीच्यांच्या घरात येईल.

यानंतर तिन्ही गटांवर एकाच बाटलीतला एक फिकट लाल, सगळ्यांवर एकाच जागी : खांद्यावर आणि वरच्या चुण्यांच्या कडांवर. प्रकाश डोक्यावरून येतोय असं धरा. झग्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात ही रेघ नको, तिथे धूळ आहे. रेघ बारीक असो वा थोडी जाड, ती ७२ जणांवर असणं महत्त्वाचं. तीन शिपायांवर हे सगळं आधी करून बघा. फोटो काढा, पुन्हा कृष्णधवल करा, पहिल्या फोटोशेजारी ठेवा. मग बाकीच्यांना हात घाला.

चिलखतांबाबत मला तुमचं मन थोडं मोडावं लागणार. पितळ जायला हवं. पितळ स्वतः सुंदर असतं, पण पिवळ्याच्या शेजारी ते गढूळ दिसतं आणि पिवळाही ओढून नेतं. गडद पोलादी रंग पितळावरून ड्रायब्रश करा, खाचांत पितळ थोडं डोकावेल, डोकावू द्या. मग तिन्ही गटांच्या चिलखतांवर एकच काळपट तपकिरी वॉश. मधल्या २४ जणांची चकचकीत चांदी यानेच उतरेल. चामडं, लाकूड, म्यान, पट्टे या सगळ्यांना एकच तपकिरी ठरवा. आंदेर्स सोर्न हा स्वीडिश चित्रकार पिवळी गेरू, शेंदरी लाल, काळा आणि पांढरा एवढ्या चार रंगांच्या पॅलेटसाठी ओळखला जातो. त्या चारांतून त्याने माणसांची जिवंत कातडी उभी केली. सगळ्या छटा त्याच चार बाटल्यांच्या पोटातून आल्या की चित्रात परका रंग उरत नाही. तुम्ही चारांवर यावं असं नाही म्हणत. पण या फौजेसाठीच्या बाटल्या एका डब्यात काढा आणि बाकीच्या कपाटात ठेवा. समोर चाळीस बाटल्या असल्या की हात इकडेतिकडे जातोच.

आणि आता ती ढाल.

तुम्हाला ती अडचण वाटतेय. मला पत्र वाचताना वाटलं, तुमच्या फौजेत जे कमी आहे ते नेमकं हेच. लाल झगे, पोलादी चिलखतं, करडी जमीन. हे सगळं नीट झालं तरी फौज जरा मुकी राहील. अशा वेळी एक ठसठशीत रंग लागतो, अगदी थोडा, पण प्रत्येकाच्या अंगावर. सगळ्या शिपायांवरून नजर फिरताना त्या ठिपक्यांवर टेकत टेकत जाते आणि फौज एका माळेचे मणी होऊन बसते. तो रंग तुमच्याकडे सहा वर्षांपासून आहे. मुलीचा पिवळा बाकीच्या ७१ जणांना द्या.

प्रत्येकाच्या अंगावर एकच जागा ठरवा, शक्यतो तीच. डाव्या खांद्यावरची पट्टी, किंवा भाल्याच्या टोकाखालचा गोंडा, किंवा शिरस्त्राणाचा तुरा. सगळ्यांच्या मूर्तींत खांदा नक्की असेल, म्हणून मी खांदा घेईन. एकूण शिपायाच्या दहाव्या हिश्श्याहून पिवळा जास्त नको. सरदारांना थोडा जास्त चालेल, खांदा आणि तुरा दोन्ही. पूर्ण ढाल फक्त निशाणवाल्याची. मग ती एकटी पडलेली पिवळी वस्तू राहणार नाही, बाकीच्यांनी तिच्यापासून खूण घेतली असं दिसेल. आणि खरोखर तसंच झालेलं असेल.

तिच्या ढालीला हात लावू नका. एका ओरखड्याचीही दुरुस्ती नको. तिचा रंग बाकीच्यांवर आणायचा, आणि त्यात एक गंमत आहे. पिवळा रंग खालचं झाकण्यात कच्चा असतो. काळ्या प्रायमरवर थेट लावला की खालचा काळा त्यातून डोकावतो आणि पिवळ्याला हिरवट झाक येते. तुमचा निशाणवाला काळ्या प्रायमरवरचा आहे, तेव्हा ढालीचा पिवळा बाटलीतल्या पिवळ्यासारखा नसणार. तो जरा मळका, हिरवट असणार. तोच आपल्याला हवा. पिवळ्यात काळ्याचा अगदी सुईच्या टोकाएवढा ठिपका घाला. काळ्या-पिवळ्यातून हिरवट छटा येते, आणि तुम्ही तिच्या ढालीच्या जवळ पोचाल. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून, सुकवून, दिवसाच्या उजेडात ढालीशेजारी धरा. दिव्याखाली हा निर्णय घेऊ नका. दोन वेगळ्या मिश्रणांचे रंग एका दिव्याखाली हुबेहूब जुळतात आणि खिडकीत नेले की वेगळे दिसतात. खांद्यांवर आधी पिवळ्या गेरूचा एक हात द्या, तो झाकतो चांगला, आणि त्यावर हे मिश्रण दोन पातळ थरांत.

हे मिश्रण एकदाच करा, ७१ खांद्यांना पुरून उरेल इतकं, आणि रिकाम्या बाटलीत भरून ठेवा. हे मी पोळलेला माणूस म्हणून सांगतोय. एकदा मी बेससाठी मातीचा रंग वाटीत अंदाजाने कालवला होता. चाळीसेक बेस झाले आणि वाटी संपली. प्रमाण कुठे लिहिलं नव्हतं. दुसरी खेप ओली असताना तंतोतंत तशीच दिसली, सुकल्यावर एक छटा गडद निघाली. शेवटी सगळ्या बेसवर तिसराच रंग द्यावा लागला. तेव्हापासून प्रत्येक फौजेची एक वही असते. कुठली बाटली, किती थेंब, कुठल्या क्रमाने, आणि शेजारी त्या रंगाचा वाळलेला ठिपका. पुढच्या वर्षी तुम्ही दहा शिपाई वाढवाल तेव्हा तुमची वही बोलेल.

तिन्ही गट ओळखू येणं पूर्ण बुजवायची गरज आहे का, तर नाही. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश पायदळाचे डगले लाल होते, पण कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या रेजिमेंटगणिक वेगळ्या असत : कुणाच्या निळ्या, कुणाच्या पिवळ्या, कुणाच्या हिरव्या. तिसऱ्या रेजिमेंटच्या पट्ट्या बदामी होत्या. लांबून एक सैन्य, जवळून आपापली पलटण. तुम्हालाही तुकड्या वेगळ्या ओळखायच्या असतील तर एखादी छोटी जागा, म्यान म्हणा किंवा कमरेचा पट्टा, तुकडीप्रमाणे काळी, पांढरी, राखाडी करा. नवा भडक रंग आणू नका.

मात्र तुकड्या तुमच्या कालक्रमाने ठेवू नका. सहा वर्षांपूर्वीचे तीस एकीकडे आणि परवाचे अठरा दुसरीकडे, अशी मांडणी हातातला फरक ओरडून सांगते. प्रत्येक तुकडीत तिन्ही काळातले मिसळा. नवे अठरा पुढच्या रांगेत आणि टोकांना वाटा, कारण डोळा आधी कडांवर थांबतो. जुन्यांना मधे ठेवा. त्यांच्या चेहऱ्यांवर एक वॉश आणि नाक व गालाच्या हाडावर एकेक उजळ ठिपका दिलात तरी पुष्कळ होईल. सगळे चेहरे नव्याने करायच्या फंदात पडू नका.

वार्निश सगळ्यांना एकच, मॅट, म्हणजे बिनचकाकीचं. तुमच्या जुन्या शिपायांवर चकचकीत वार्निश असेल तर तेवढ्यानेही ते परके दिसत असतील. चकाकी डोळ्याला रंगाच्या आधी दिसते. स्प्रे वापरणार असाल तर दमट हवेत मारू नका, पांढुरकी धूसर साय धरते. बाटली नीट हलवा, आधी एकावर मारून वाळेपर्यंत थांबा, मगच बाकीचे. नंतर पोलादावर कुठे लखाखी हवी असेल तर ब्रशने चकचकीत वार्निश तेवढ्यापुरतं लावा.

काम एकेक शिपाई घेऊन करू नका. एकेक पायरी घ्या आणि बहात्तरांवर करा. एका बैठकीत सगळ्यांची वाळू, दुसऱ्या बैठकीत सगळ्यांचा तपकिरी, पुढे सगळ्यांच्या कडा. हाताचा दाब, ब्रशचा ओलावा, त्या दिवसाचा उजेड, सगळं सगळ्यांवर सारखं पडतं. एकेक शिपाई पुरा करत गेलात तर दहाव्यापर्यंत हात नकळत बदललेला असतो. कंटाळा येईल, विशेषतः कडांच्या वेळी. पंधरा-वीसच्या खेपा करा आणि मधे उठा.

तुमच्या मित्राच्या प्रश्नाने तुम्हाला लागलं, ते स्वाभाविक आहे. त्याला सगळे शिपाई तुमचेच आहेत हे दिसलं नाही, कारण तुमची खूण कुठेच नव्हती. एकच होती, आणि ती मुलीने केली होती.

ती आता अकरा वर्षांची असेल. पिवळ्याचे तीन-चार ठिपके पुठ्ठ्यावर लावाल तेव्हा ढाल तिच्या हातात द्या आणि खिडकीशी उभं राहून जुळणारा ठिपका तिलाच निवडू द्या. ती बोट ठेवेल ते मिश्रण बाटलीत भरा, बाटलीवर काळ्याचे थेंब किती ते लिहा, आणि पहिला खांदा तिला रंगवू द्या.

तुमचा,
सदरकार